श्रद्धा वेगळ्या, घर एक: आदर करायचा तो कुठपर्यंत?

भीमाकाठ

नात्यातल्या एका घरी घडलेलं सांगतो, नावं-गावं वगळून. काकांनी देहदानाचा अर्ज भरून ठेवला होता. ते गेल्यावर थोरल्याने महाविद्यालयात फोन लावायला घेतला आणि धाकट्याने हात धरला. अग्नी दिल्याशिवाय बाबांना गती नाही, असं त्याचं म्हणणं. शरीररचनाशास्त्राचा कायदा आपल्याकडे १९४९ पासून आहे, अर्ज कुणालाही भरता येतो, पण जवळच्या नातेवाइकाने हरकत घेतली की वैद्यकीय महाविद्यालयं सहसा देह घेत नाहीत. शेवटी दहन झालं.

मला लागून राहिलंय ते पुढचं. थोरला भावाला सगळ्यांसमोर 'अडाणी' म्हणाला. धाकटा म्हणाला, 'तुला बाप फक्त चिरायला हवा होता.' दहाव्याला घाटावर कावळा पिंडाला शिवेना, तेव्हा चार माणसं थोरल्याकडे वळून बघत होती. आता दोघांचं बोलणं बंद आहे.

मतभेदाने हे घर मोडलं असं मला वाटत नाही. दोघांनाही वडिलांचं भलंच हवं होतं. पण धाकट्याला नेमकी कशाची भीती वाटते हे थोरल्याने विचारलं नाही, आणि बाबांना देहदान का करावंसं वाटलं हे धाकट्याने त्यांना जिवंतपणी विचारलं नव्हतं. महात्मा फुल्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म' या १८९१ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर आलेल्या पुस्तकात एक कुटुंब कल्पिलंय. बाईने बौद्ध धर्म घ्यावा, नवऱ्याने ख्रिस्ती व्हावं, मुलीने मुसलमान आणि मुलाने सत्यधर्मी, आणि तरी सगळ्यांनी एकमेकांचा द्वेष न करता एका घरात प्रेमाने राहावं. सव्वाशे वर्षं उलटून गेली, आपल्याला दोन भावांचं एक घर सांभाळता येत नाही. ज्याचं पटत नाही त्याचं पूर्ण ऐकून घ्यावं, त्याच्या श्रद्धेला नावं ठेवू नयेत, एवढं घराघरांत व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं. तुमचं काय मत?

सडेतोड

फुल्यांचं अर्धंच सांगितलंत. त्याच फुल्यांनी पुरोहितशाहीवर जेवढं कठोर लिहिलं तेवढं फार थोड्यांनी लिहिलं असेल. सत्यशोधक समाज १८७३ साली स्थापन झाला आणि त्याच वर्षी भटजीविना लग्न लावून दाखवलं. तेव्हाही लोकांच्या भावना दुखावल्याच असतील. फुले थांबले नाहीत.

'श्रद्धेचा आदर करा' हे वाक्य आपल्याकडे बहुतेक वेळा प्रश्न विचारणाऱ्याचं तोंड बंद करायला वापरलं जातं. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे झगडले आणि विरोध करणारे हेच म्हणत राहिले की यामुळे श्रद्धेवर घाला येईल. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर त्याच वर्षी कायदा झाला. जातपंचायतींनी माणसं वाळीत टाकली, घरं उद्ध्वस्त केली, त्यावरचा सामाजिक बहिष्काराचा कायदा २०१६चा. तिथेही ढाल एकच होती: आमच्या रूढी, आमची श्रद्धा.

आणि तुमच्या गोष्टीत ज्याच्या श्रद्धेचा खरा अपमान झाला तो माणूस तर गेलाय. आपला देह विद्यार्थ्यांच्या कामी यावा ही काकांची श्रद्धाच होती. ती धाकट्याने मोडली आणि तुम्ही दोन्ही भावांना सारखंच दोषी धरता. समाजसुधारक हमीद दलवाई १९७७ साली गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे कुठल्याही धार्मिक विधीशिवाय मुंबईत त्यांचं दहन झालं. मुसलमान घरातल्या माणसाचं दहन, त्या काळात! जवळच्या माणसांना किती ऐकून घ्यावं लागलं असेल याचा विचार करा. मृताचा शब्द पाळणं मला गतीच्या कल्पनेपेक्षा मोठं वाटतं.

मांडवीतीर

गोव्यातून लिहितेय, थोडं विषयांतर होईल. आमच्याकडे शिरगावची देवी लईराई आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मेरी माता, या बहिणी मानतात. देवळाकडून चर्चला फेस्ताच्या, म्हणजे तिथल्या सणाच्या वेळी तेल जातं. हिंदू बाया सायबिणीला जातात, नवस फेडतात. कुणी कुणाला तुझा देव खरा का म्हणून विचारत नाही. मतं एक करायची गरजच पडली नाही, नातं जोडलं आणि येणंजाणं ठेवलं.

सडेतोड

@मांडवीतीर, ते सुंदरच आहे. पण तिथे दोन्ही बाजू श्रद्धाळू आहेत. कुठलाच देव न मानणाऱ्याला अशा नात्यात जागा कुठे?

उंबरठा

भीमाकाठ, तुमची कळकळ पोचली, पण एक गोष्ट तुम्ही दोघांनीही सोडली. आदर बहुतेक घरांत खालून वर जातो. वडीलधाऱ्यांच्या श्रद्धेचा आदर सुनेने करायचा. सुनेला काय वाटतं हे कुणी विचारत नाही. म्हणून 'समोरच्याचं ऐकून घ्या' हा सल्ला मला मिळाला की मी आधी बघते, तो देणारा कुठे बसलाय.

माझ्या सासूबाई सोवळंओवळं पाळतात. लग्नानंतर पाळीच्या चार दिवसांवरून घरात पुष्कळ ताण होता. मला विटाळ ही गोष्टच मान्य नाही आणि मी ती त्यांना तोंडावर सांगितली, आवाज न चढवता. मग त्यांनाही सांगू दिलं. त्यांच्या लहानपणी एका जत्रेच्या वर्षी घरात मूल दगावलं होतं आणि त्याचं खापर त्यांच्या आईच्या ओवळेपणावर फोडलं होतं. ते ऐकलं तेव्हा मला कळलं की त्यांना मला हिणवायचं नाहीये, त्या खरोखर घाबरतात. भीती खोटी आहे असं मी आजही म्हणते. पण घाबरलेल्या माणसाशी बोलायची रीत वेगळी असते.

आता आमचं असं ठरलंय: देवघर त्यांचं, तिथे त्या दिवसांत मी जात नाही. स्वयंपाकघर दोघींचं, तिथे मी रोज जाते. माझ्या मुलीला यातलं काहीही पाळायला लावायचं नाही. या शेवटच्या मुद्द्यावर मी तसूभरही हलले नाही आणि हलणारही नाही.

सडेतोड

@उंबरठा, तुमच्याबद्दल आदर ठेवून म्हणतो: देवघरात न जाणं म्हणजे विटाळ मान्य करणंच झालं. मुलगी बघतेय. तुम्ही तिला काहीही सांगा, त्या दिवसांत आई देवघराच्या दारात थांबते हे तिला दिसणारच.

उंबरठा

दिसतंच, आणि तिने विचारलंही. मी सांगितलं, आजीला असं वाटतं, मला तसं वाटत नाही. आजीसमोरच सांगितलं. दुसऱ्याच्या खोलीत त्याच्या नियमाने वागणं आणि स्वतःच्या अंगावर तो नियम घेणं यात मला फरक दिसतो. तुम्हाला दिसत नसेल तर ठीक आहे, पण मी डोळे मिटून तडजोड केली असं समजू नका.

दर्भ

मी याज्ञिकी करतो, वडीलही करत. मूळ प्रश्नाकडे येतो, कारण त्यात एक माहिती कुणीच दिली नाही. देह हाती नसेल तर काय करायचं हे शास्त्रात आहे. कुणी पाण्यात वाहून गेलं, परदेशात वारलं, देह सापडलाच नाही, तर पळसाच्या देठांची किंवा दर्भाची प्रतिकृती करून तिला अग्नी देतात. त्याला पालाशविधी म्हणतात. म्हणजे काकांचा देह महाविद्यालयात गेला असता तरी धाकट्याला अग्नी देता आला असता, दहावं-बारावंही झालं असतं. कावळ्याचंही तसंच, तो शिवला नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात आणि पुढचं कार्य होतं. त्यासाठी कुणाकडे रोखून बघायची गरज नसते.

थोरल्याने शिवी देण्याऐवजी एवढंच विचारलं असतं की 'तुझ्या मनाचं समाधान होईल असं काही करता येईल का', तर धाकटा त्यांच्या गुरुजींकडे गेला असता. माझ्या यजमानांत देव न मानणारेही आहेत. त्यांना मी सांगतो, संकल्प मनात नसेल तर उच्चारू नका, शेजारी बसा. आईसाठी नुसता बसलेला मुलगा मला खोटं बोलून आचमन करणाऱ्यापेक्षा बरा वाटतो.

सडेतोड

पालाशविधी मला माहीत नव्हता. तरी एक हरकत आहे. भावाची समजूत काढायला नवा विधी शोधायचा, त्याचा खर्च करायचा, म्हणजे कर्मकांड वाढलंच. आणि शास्त्रात पर्याय नसता तर काय? मग काकांची इच्छा बुडू द्यायची?

दर्भ

नसता तर मीही धाकट्याला म्हटलं असतं, वडिलांचा शब्द पाळ. पण ते त्याच्या भाषेत म्हटलं असतं. आईवडिलांचं वचन पाळण्याबद्दल परंपरेत कमी सांगितलेलं नाही.

भीमाकाठ

सडेतोड, काकांबद्दलचा तुमचा मुद्दा मला मान्य आहे, त्यांची इच्छा पहिली. कायदे, बुवाबाजी, वाळीत टाकणं, जिथे कुणाचं नुकसान होतंय, तिथे गप्प बसा असं मी म्हणणारच नाही. पण तुम्ही दाभोलकरांचं नाव घेतलंत म्हणून आठवण देतो. डॉ. श्रीराम लागू परमेश्वर ही कल्पनाच नको असं जाहीरपणे म्हणत. दाभोलकरांची भूमिका, समिती देवाधर्माबाबत तटस्थ आहे, विरोध शोषणाला आहे. दोघं एकाच व्यासपीठावर बसून हा मतभेद गावोगावच्या लोकांसमोर मांडत. इतकं ठाम मत असलेल्या माणसांनाही दुसऱ्याला अडाणी ठरवावं लागलं नाही. मी मागतोय ते एवढंच. भावासमोर तरी.

दर्भ

ज्यांच्या घरी असा अर्ज भरलेला आहे त्यांच्यासाठी. कपाटात ठेवू नका. घरात ज्याचा विरोध होईल असं वाटतं त्यालाच साक्षीदार म्हणून सही करायला सांगा, भांडण जिवंतपणी होऊन जाऊ दे. नेत्रदान साधारण सहा तासांच्या आत व्हावं लागतं. शवविच्छेदन झालं असेल किंवा काही संसर्गजन्य आजार असेल तर देह घेत नाहीत, तेही आधी विचारून ठेवा. आणि आम्हा गुरुजींपैकी कुणाला बोलावणार असाल तर त्याला अर्जाबद्दल अगोदर सांगा. पुष्कळ जण तयार होतात.

सडेतोड

हे पटलं. माझ्या अर्जावर बहिणीची सही घेतो. ती दर चतुर्थीला उपास करते आणि माझ्या अर्जाचं नाव काढलं की उठून जाते. तिला पालाशविधीबद्दलही सांगेन, करायचा की नाही ते तिने ठरवावं. देवघराच्या दाराबाबत मात्र माझं मत तेच आहे, उंबरठा.

उंबरठा

माझंही तेच. बहीण काय म्हणाली ते कळवा.