‘मी आलो’ की ‘मी आले’? लिंगभाव, ओळख आणि परदेशी राहणं यावरच्या विनोदी सिनेमासाठी शब्द

(चौघांची चर्चा. ‘उपशीर्षक’, ‘व्याकरणवाली’, ‘मिरजकर तिकटी’ आणि ‘पडद्यामागे’ ही बोलणाऱ्यांची टोपणनावं.)

उपशीर्षक:
नोकरीसाठी परक्या देशात राहणारं एक पात्र. ते पुरुष की स्त्री हे शेजाऱ्यांना उमगत नाही आणि पात्रालाही ते सांगायची घाई नाही. पहिला अर्धा तास सिनेमा या न उमगण्यावरच हसवतो. मूळ संवाद इंग्रजी. कोल्हापुरातल्या प्रेक्षकांसाठी मराठी उपशीर्षकं आणि पत्रकावर छापायला छोटा परिचय हवा आहे. परिचयात ‘जेंडर’, ‘आयडेंटिटी’, ‘एक्सपॅट’ यांना काय लिहावं? ‘विक्षिप्त विनोदी’ चालेल का? आणि सर्वांत मोठी अडचण: पहिल्याच संवादात ‘मी आलो’ लिहू की ‘मी आले’? काहीही लिहिलं तरी गुपित तिथंच फुटतं.

व्याकरणवाली:
शेवटचा प्रश्न आधी घेऊ. बाकीचे शब्द पत्रकावर एकदा येतील, हा मात्र प्रत्येक संवादात आडवा येणार.

प्रथमपुरुषी एकवचनात लिंग नेमकं कुठं दिसतं ते पक्कं करा. वर्तमानकाळात दिसतं: करतो, करते. अकर्मक क्रियापदांच्या भूतकाळात दिसतं: आलो, आले. ‘होतो/होते’मध्ये दिसतं. जेवणे, पिणे, शिकणे, विसरणे, बोलणे ही क्रियापदंही भूतकाळात कर्त्याप्रमाणे चालतात, म्हणून ‘मी विसरलो’ किंवा ‘मी विसरले’.

न दिसणाऱ्या जागाही भरपूर आहेत. ‘मी चावी घेतली’, ‘मी पत्र लिहिलं’ यात क्रियापद कर्माच्या मागून जातं. ‘मी जाईन’, ‘मी करणार’, ‘मी आहे’, ‘मला वाटतं’, ‘मला जायचंय’, ‘मला जावं लागलं’ हे सगळं सुरक्षित. ‘मी जाणार’ सुरक्षित आहे, पण ‘मी जाणार होतो’ लिहिलं की फसलात. विशेषणांकडेही लक्ष ठेवा. ‘मी हुशार आहे’ चालतं, ‘मी एकटा आहे’ चालत नाही.

मग संवाद असे वळवता येतात. ‘मी जेवलो’ऐवजी ‘माझं जेवण झालं’. हे मुळातलंच बोलणं आहे, कुणाला शंकाही येणार नाही. ‘मी विसरलो’ऐवजी ‘माझ्या डोक्यातनंच गेलं’. ‘मी घाबरलोय’ऐवजी ‘मला भीती वाटतेय’. ‘मी काल आलो’ऐवजी ‘कालच्याच विमानानं येणं झालं’ लिहाल तर ते कृत्रिम वाटेल. ‘कालचंच विमान होतं माझं’ हे माणसासारखं वाटतं. ‘मी इथं राहतो’ला ‘मी इथलाच’ हा पर्याय पटकन सुचतो आणि तोच सापळा आहे, कारण ‘इथला/इथली’. ‘माझं घर इथंच आहे’ लिहा.

‘माझ्याकडून चूक घडली’, ‘माझ्याद्वारे कळवण्यात आलं’ या वाटेला जाऊ नका. लिंग लपतं, पण पात्र सरकारी पत्रासारखं बोलायला लागतं आणि विनोद जागीच मरतो. शिवाय ओळीनं आठ-दहा वाक्यं ‘मला… मला…’ अशी आली की प्रेक्षकाला वास येतो. मधूनमधून ‘-ईन’, ‘-णार’ आणि सकर्मक भूतकाळ पेरत राहा.

मिरजकर तिकटी:
हे सगळं प्रमाण मराठीला लागू. कोल्हापुरात बाईमाणसंही ‘मी आलो’, ‘मी जातो’, ‘मी गेलतो’ म्हणतात. गावाकडं तर म्हणतातच, शहरातल्या जुन्या पेठांतही हे रोज कानावर पडतं. शेजारच्या कन्नडचा परिणाम असं कारण सांगितलं जातं, आणि कन्नडमध्ये प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंग नसतं हे खरंच आहे. शाळेत आणि ऑफिसात मुली ‘आले, गेले’वर येतात, घरी परत ‘आलो’.

याचा तुमच्या कामाशी सरळ संबंध आहे. पात्राच्या तोंडी ‘मी आलो’ दिलंत तर पुण्याचा प्रेक्षक ‘हा पुरुष’ असं ठरवून मोकळा होईल. कोल्हापूरचा प्रेक्षक तसं ठरवणार नाही, कारण त्याच्या आईच्या, आत्याच्या तोंडचं रूप तेच आहे. म्हणजे पात्राला कोल्हापुरी बोली दिलीत तर वरची निम्मी कसरत करावीच लागणार नाही. मात्र मग सगळा संवाद कोल्हापुरीत हवा. प्रमाण मराठीत मधेच एक ‘आलो’ टाकला तर तो पुल्लिंगीच वाचला जाईल.

दुसऱ्याशी बोलतानाही बोली उपयोगी पडते. ‘कुठनं आलासा?’, ‘जेवलासा का?’ यात लिंग नाही. प्रमाण मराठीत ‘आलात’मध्येही नाही. म्हणून घरमालक, अधिकारी, शेजारी यांना पात्राशी ‘तुम्ही’नंच बोलू द्या. ‘तू’वर आलं की ‘आलास’ की ‘आलीस’ हे ठरवावंच लागतं. सिनेमात कोण कधी ‘तू’ म्हणायला लागतं ते आधीच बघून ठेवा. जवळीक आणि उलगडा एकाच क्षणी येत असेल तर मराठीला तिथं मूळ संवादापेक्षा जास्त ताकद मिळते. ‘अरे’ आणि ‘अगं’ यांना अर्ध्या तासात प्रवेश नाही. ‘अहो’ चालेल.

उपशीर्षक:
तृतीयपुरुषाचं काय? दोन शेजारी पात्राच्या माघारी बोलतात. ‘ते’ वापरू का?

व्याकरणवाली:
‘ते आले’ हे आदरार्थी पुल्लिंगी वाचलं जातं. बाईसाठी ‘त्या आल्या’. नपुंसकलिंगी ‘ते आलं’ त्याहून धोक्याचं. मोठ्या माणसाला नपुंसकलिंग लावलं की एक तर लाड असतो नाहीतर तुच्छता: ‘ते येडं कुठं गेलं?’ स्वतःला पुरुष किंवा स्त्री न म्हणवणाऱ्या माणसासाठी हे रूप सरसकट वापरणं म्हणजे त्याला वस्तू करणं. नाव घ्या आणि विभक्ती लावा: सॅमनं सांगितलं, सॅमला माहीत आहे, सॅमचा फोन आला. ‘सॅम आला/आली’ टाळा.

मिरजकर तिकटी:
बोलीत इथंही थोडी सवलत आहे. आपल्याकडं ‘आबा आलं’, ‘मामा आलं’ हा आदर आहे, तुच्छता नाही. ‘आले’चंच ते बोलीतलं रूप. अनोळखी माणसाला ‘पाव्हणं’ म्हणतात आणि घोळक्यात बायका असल्या तरी ‘पाव्हणं आलं’च. शेजाऱ्यांच्या तोंडी ‘वरचं पाव्हणं’ घाला. परकेपणाही आला, आदरही राहिला.

पडद्यामागे:
कामाची पद्धत सांगतो. भाषांतराआधी एक तक्ता करा: प्रसंग, बोलणारा, कुणाबद्दल किंवा कुणाशी, तू की तुम्ही, कोणतं लिंगरूप. उलगड्याचा नेमका वेळ वर लिहून ठेवा. दोघांनी सिनेमा वाटून घेतला आणि तक्ता नसला की एकाच्या भागात ‘आले’ आणि दुसऱ्याच्या भागात ‘आलो’ हमखास होतं. उलगड्यानंतर कोण ‘तो’ म्हणतं, कोण ‘ती’ म्हणतं, कोण मुद्दाम चुकीचं म्हणतं हेही त्यातच येऊ द्या. मुद्दाम चुकीचं बोलणाऱ्याची चूक दुरुस्त करायची नाही.

उपशीर्षकाला दोनच ओळी आणि सात सेकंदांच्या वर एकही पडद्यावर ठेवू नका. अक्षरमर्यादा पाळताना एक अडचण येते. ‘स्त्री’ डोळ्यांना एक अक्षर दिसतं, पण सॉफ्टवेअर त्याचे सहा घटक मोजतं: स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ ईकार. त्यामुळं ओळ छोटी असूनही लाल खूण दिसते. आकड्यावर न जाता वाक्य मोठ्यानं वाचून वेळ बघा. लिंग लपवणारी वाक्यं सहसा लांबतात, म्हणून हे आधीच करायला हवं. फाईल यूटीएफ-८ मध्ये जतन करा, नाहीतर अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसतील. आणि ज्या यंत्रावर दाखवणार त्याच यंत्रावर तपासा. काही जुने प्लेअर जोडाक्षरं फोडतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागं टाकतात.

व्याकरणवाली:
आता परिचयातले शब्द. ‘जेंडर’साठी ‘लिंगभाव’. मराठी समाजशास्त्रात तो रुळलेला आहे. नुसतं ‘लिंग’ लिहिलं तर व्याकरण आणि शरीर हे दोन्ही अर्थ आधी पुढं येतात. ‘आयडेंटिटी’साठी ‘अस्मिता’ नको, तिला प्रांत आणि राजकारण चिकटलंय. ‘ओळख’ घ्या. ‘इथं माझी कुणाशी ओळख नाही’ आणि ‘इथं मला ओळख नाही’ हे दोन्ही परदेशातल्या माणसाला लागू पडतं, म्हणून हा शब्द मूळ शब्दापेक्षाही या सिनेमाला जवळचा आहे.

‘एक्सपॅट’ला एक शब्द शोधू नका. ‘अनिवासी’ कर आणि कायद्यातला. ‘स्थलांतरित’ म्हटलं की आपल्याकडं ऊसतोड मजूर डोळ्यांसमोर येतात. ‘प्रवासी’ हिंदीत परदेशस्थ, मराठीत एसटीतला. ‘परदेशात स्थायिक’ म्हणजे कायमचा गेलेला, इथं तर व्हिसा संपायची टांगती तलवार आहे. ‘नोकरीनिमित्त परदेशी राहणारं’ असं सरळ लिहा. ‘विक्षिप्त’मध्ये चिडकेपणाची छटा आहे, ‘तऱ्हेवाईक’ बरा.

मिरजकर तिकटी:
पत्रकात ‘तृतीयपंथी’ आणि ‘जोगता’ हे दोन्ही शब्द कुणीतरी सुचवणार, तेव्हा आधीच सांगतो. ‘तृतीयपंथी’ हा सरकारी कागदांवरचा शब्द. वर्तमानपत्रांत ‘पारलिंगी’ही दिसतो. पण तुमचं पात्र स्वतःला यातलं काहीच म्हणवत नाही, मग आपण शिक्का का मारायचा? ‘जोगता’ सौंदत्तीच्या यल्लम्माशी बांधलेला आहे. देवाला सोडणं, डोक्यावर ‘जग’ (देवीच्या मूर्तीची टोपली), हातात परडी, साडी नेसणं हे त्या व्रताचे भाग, आणि अनेकदा ते लहानपणी लादलेले असतात. परदेशातल्या नोकरदाराला तो शब्द लावणं दोघांवरही अन्याय आहे. टपोरी पात्र शिवी देत असेल तर शिवीच द्या, सौम्य करू नका. पण मूळ शब्द साधा असताना मराठीत ‘छक्का’ किंवा ‘बायल्या’ येता कामा नये.

‘सोंग’ही टाळा. साडी नेसलेला नट सोंग आणतो, पण आपल्या मनासारखे कपडे घालणारा माणूस सोंग आणत नाही. या बाबतीत आपल्या रंगभूमीची भाषा जास्त समंजस होती. 1921 च्या ‘संयुक्त मानापमान’ नाटकात स्त्रीभूमिका करणारे बालगंधर्व भामिनी आणि आपले केशवराव भोसले धैर्यधर. बोलताना भामिनी ‘ती’ आणि बालगंधर्व ‘ते’, एकाच वाक्यात, कुणाचाही गोंधळ न होता.

उपशीर्षक:
विमानतळावर पासपोर्टवरच्या ‘एक्स’वरून एक विनोद आहे. ‘तृतीयपंथी’ लिहू?

पडद्यामागे:
नको. आंतरराष्ट्रीय मानकात एम, एफ आणि एक्स अशा नोंदी आहेत, आणि एक्सचा अर्थ ‘नमूद नाही’. भारतीय पासपोर्टच्या अर्जातला तिसरा पर्याय वेगळा. ‘एक्स’ असंच ठेवा, अधिकाऱ्याचा चेहरा बाकीचं सांगेल.

उपशीर्षक:
परिचय असा केला आहे: ‘नोकरीनिमित्त परदेशी राहणारं एक पात्र. बाई की बुवा, हा शेजाऱ्यांना पडलेला प्रश्न. त्याला मात्र उत्तर द्यायची गरज वाटत नाही. लिंगभाव, ओळख आणि परकेपणावरची तऱ्हेवाईक विनोदी गोष्ट.’

व्याकरणवाली:
तिसऱ्या वाक्यातला ‘त्याला’ काढा. ‘पात्र’ नपुंसकलिंगी असलं तरी सामान्यरूपात ते पुल्लिंगासारखंच दिसतं, त्यामुळं वाचणारा पुरुषच धरणार. ‘उत्तर द्यायची घाई मात्र कुणालाच नाही’ असं करा.