उब्लिएतला मराठीत काय म्हणावं? पेव, आड की अंधारकोठडी?

चारभिंती (सातारा):
वाचनगटात सध्या एक इंग्रजी गॉथिक कादंबरी चालू आहे. किल्ला, वटवाघळं, मेलेले पूर्वज, आणि पानोपानी खदखदून हसवणारा काळा विनोद. तिच्यातलं एक प्रकरण मराठीत करताना अडलंय. भोजनगृहाच्या फरशीखाली एक खोल खड्डा आहे. उमरावाला नकोसे झालेले पाहुणे त्यात जातात. कारभाऱ्याकडे 'ज्यांना विसरायचं आहे' अशांची वही असते आणि ती तो रोज सकाळी मोठ्यानं वाचतो, चुकून कुणाला विसरायचं राहू नये म्हणून. सगळी गंमत खड्ड्याच्या नावात आहे. उब्लिएत हा शब्द फ्रेंचमधल्या 'विसरणे' या क्रियापदावरून आलाय. मी 'पेव' लिहिलं, सांगलीकडे हळद साठवायला जमिनीत खणतात ते. गटातले सांगलीकर म्हणतात, हळद आठवते, सगळी भीती गेली, 'अंधारकोठडी' लिहा. काय करावं?

मोडीप्रेमी:
अंधारकोठडी नको. कोठडीला भिंतीत दार असतं, याला छतात तोंड आहे. तळघराला जिना असतो. भुयार कुठून तरी निघून कुठे तरी पोचतं, त्यातून माणूस पळून जातो. बळद घरातच बांधलेलं, त्यात वरून धान्य ओततात आणि खालच्या भोकातून काढतात. वरूनच टाकायचं आणि वरूनच काढायचं, असं मराठीत एक पेवच. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात ते 'पेंव' असं अनुस्वारासह आहे, अर्थ जमिनीखालचं धान्यकोठार. पण कोठार म्हणजे जपून ठेवायची जागा, इथे तर नेमकं उलट. म्हणून माझं मत नव्या शब्दाला: विस्मृतिकूप.

तिरकस:
'विस्मृतिकूप, झाकणासह, नग एक.' निविदा कधी निघतेय?

मोडीप्रेमी:
हसा. 'दिनांक' आणि 'महापौर' हे सावरकरांचे शब्द आज कुणाला खटकतात?

तिरकस:
महापौर रोज पेपरात येतो, मुरतो. हा खड्डा अख्ख्या पुस्तकात चार वेळा येणार. चार वेळांत संस्कृत मुरत नाही, मोडीप्रेमी.

हळकुंड (हरिपूर):
पेवाची भीती वाटत नाही म्हणणाऱ्यांनी पेव बघितलेलं नाही, बाजारातली हळद बघितलीय. तोंड दोन-अडीच फूट, माणूस जेमतेम उतरेल एवढं. खाली मात्र रांजणासारखं फुगत जातं, वीस फूट आणि त्याहून खोल. तळाला आणि कडेनं पाचट, कडबा घालायचा, मग हळकुंडं ओतायची. तोंडावर फरशी, तिच्या सांध्याला चिखल, वर मातीचा उंचवटा, म्हणजे पावसाचं पाणी बाजूला पळतं. बिघडतं ते बहुतेक या तोंडापाशीच. सांधा तडकला की ओल झिरपते आणि कडेचा माल बुरशीनं काळा पडतो.

आणि फोडल्या फोडल्या आत उतरायचं नसतं. बंद जागेत मालाच्या श्वसनानं प्राणवायू संपतो, कार्बन डायऑक्साइड जड म्हणून तळाशी साचून राहतो. तोंड उघडं टाकून वारा लागू द्यायचा, मग दोरीला कंदील बांधून सोडायचा. ज्योत विझली तर माणूस जात नाही. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोघं उभे. हे न पाळल्यानं माणसं मेलीत, ओरडायलाही वेळ मिळत नाही. आता सांगा, भीती नाही?

चारभिंती:
अहो, पुस्तकात अगदी हेच आहे! कारभारी दोरीनं मेणबत्ती सोडतो, ती विझते, तो वहीत लिहितो: 'पाहुण्यांनी दिवा मालवला. झोपले असावेत.'

हळकुंड:
मग लेखकाला माहिती पक्की आहे. पेवच लिहा.

संगमघाट:
थांबा. 'विसरणे' कुठे गेलं? पेवात खोली आहे, विसर नाही. त्यापेक्षा 'आड' बघा. पायऱ्या नसलेली, अरुंद, गोल, उभी विहीर. आणि आड म्हणजे मागे, दिसेनासं. दृष्टीआड सृष्टी. शिवाय आपल्याकडे मेलेला माणूस 'काळाच्या पडद्याआड' जातोच. कारभाऱ्याच्या वहीत नावापुढे नुसतं लिहा: 'पडद्याआड.' पडदा ओढला की खाली आड. इंग्रजीत नसलेली गंमत मराठीत फुकट मिळतेय.

तिरकस:
हे झकास आहे. शंभरपैकी नव्वद.

मोडीप्रेमी:
दहा मी कापतो, खरं तर वीस. शब्दयोगी 'आड' ला सप्तमीचा 'त' लागत नाही. 'पडद्याआड' म्हणा, 'भिंतीआड' म्हणा. 'आडात' म्हटलं की ती विहीरच, श्लेष मेला. कादंबरीत पाहुणे 'आत' पडतात, 'आतून' ओरडतात. प्रत्येक वाक्यात प्रत्यय लागणार. दुसरं, आडात पाणी असतं. 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून' ही म्हण पाणी गृहीत धरूनच आहे. वाचकाला पहिल्यांदा डुबुक ऐकू येणार.

संगमघाट:
कोरडा आड म्हणा.

मोडीप्रेमी:
विशेषण लावलं की विनोद लंगडतो.

चारभिंती:
गटात दुसराही आक्षेप आहे, भीतीच्या गोष्टीत हसू कशाला म्हणून.

तिरकस:
गॉथिक कादंबरी जन्मापासून हास्यास्पद आहे हो. या प्रकारातली पहिली मानतात ती १७६४ ची. तिच्या सुरुवातीलाच लग्नाच्या दिवशी नवरदेवावर एक अवाढव्य शिरस्त्राण कोसळतं आणि तो चेंगरून मरतो. हळद अंगाला लागलेली असताना. आता पेव लिहायला काय हरकत?

संगमघाट:
तिकडे हळद लावत नाहीत.

तिरकस:
अनुवादात लावतात.

मोडीप्रेमी:
उब्लिएतबद्दल आणखी एक. विओले-ल-द्युक या फ्रेंच वास्तुतज्ज्ञानं एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवलंय की किल्ल्यांत उब्लिएत म्हणून पाहुण्यांना दाखवतात त्या बहुतेक जागा मुळात शौचकूप होत्या. खऱ्या म्हणता येतील अशा त्याला फार थोड्या सापडल्या.

तिरकस:
म्हणजे अचूक भाषांतर 'संडास'. धागा बंद करा.

हळकुंड:
बंद कसला, मूळ मुद्दा राहिला. पेव लिहिलं तर 'पेव फुटणे' चा उपयोग करून घ्या. पाहुण्यांचं पेव फुटलं!

संगमघाट:
हा वाक्प्रचार पावसाचं पाणी शिरून पेव फुटतं, दाण्यांना मोड येतात, त्यावरून आलाय. एकदम उगवल्यासारखं.

हळकुंड:
नाही हो. व्यापारी आजही 'पेव फोडलं' म्हणतात, म्हणजे उघडलं. नारळ फोडतो तसं. वर्षभर दिसत नव्हता तो माल एका दिवसात अंगणभर. भरमसाट हा अर्थ तिथून.

संगमघाट:
फोडणे सकर्मक, फुटणे अकर्मक. वाक्प्रचारात पेव आपलं आपण फुटतं. म्हणून ओलाच.

हळकुंड:
मग नारळ फुटला असं कुणी म्हणत नाही काय? ओलीनं फुटलेल्या पेवातून भरमसाट येते ती कुजकी घाण. तिला वाक्प्रचारात कोण घेईल? २००५ च्या महापुरात हरिपुरातली पेवं पाण्यात गेली, तेव्हा कुणी 'पेव फुटलं' म्हटलं नाही, 'पेवं बुडाली' म्हटलं.

मोडीप्रेमी:
'पेवं' की 'पेवे'?

हळकुंड:
बोलताना पेवं.

मोडीप्रेमी:
छापताना पेवे.

चारभिंती:
शुक्रवारी प्रकरण वाचायचंय हो. खड्ड्याला काय म्हणू?

तिरकस:
वहीत नाव लिहून ठेवा आणि रोज सकाळी मोठ्यानं वाचा.

संगमघाट:
मोड येण्याचा मुद्दा मी सोडलेला नाही. ज्वारीच्या पेवाला ओल लागली की तोंडाजवळचा थर आधी उगवतो. हळदीवरून ज्वारीचा वाक्प्रचार ठरवू नका.

हळकुंड:
ज्वारीच्या पेवालाही फोडलंच म्हणतात.