मदत हवी आहे: ओव्हरले व्हीपीएनवरून डोमेन जॉइन होतं, पहिलं लॉगिन अडतं

घरून काम करणाऱ्यांचे विंडोज ११ प्रो लॅपटॉप स्क्रिप्टने डोमेनला (कंपनीच्या एकत्रित लॉगिन व्यवस्थेला) जोडतोय. डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारा सर्व्हर) फक्त टेलस्केल या ओव्हरले व्हीपीएनवरून दिसतो. ॲडमिनचा पासवर्ड स्क्रिप्टमध्ये ठेवायचा नाही, म्हणून विंडोजच्या 'डीजॉइन' कमांडने ऑफलाइन जॉइनची फाइल बनवून लॅपटॉपवर लावतो. इथवर सगळं सुरळीत.

रीस्टार्टनंतर मात्र डोमेन युजरने लॉगिन केलं की लॉगऑन सर्व्हर उपलब्ध नाही असा संदेश येतो. कॅश्ड पासवर्ड (आधीच्या लॉगिनची लॅपटॉपवर साठलेली नोंद) अजून नसल्यामुळे दुसरी वाटही नाही. लोकल ॲडमिनने आत जाऊन 'एनएलटेस्ट' (कंट्रोलर शोधून पाहणारी कमांड) फोर्ससह, म्हणजे नव्याने शोध घ्यायला लावून, चालवलं की कंट्रोलर लगेच सापडतो आणि मग डोमेन लॉगिनही होतं.

टेलस्केलचा अनअटेंडेड मोड (कोणी लॉगिन नसतानाही व्हीपीएन चालू) लावलेला आहे, स्प्लिट डीएनएस (डोमेनची नावं कंपनीच्या डीएनएसला विचारणं) लावलाय, एसआरव्ही रेकॉर्ड (कंट्रोलर कुठे आहे ते सांगणाऱ्या डीएनएस नोंदी) मिळतात, पोर्ट ५३, ८८, ३८९, ४४५ आणि आरपीसीचे उघडे आहेत. घड्याळही जुळतं (कर्बेरॉस या लॉगिन पद्धतीला वेळ जुळावी लागते, म्हणून तेच आधी पाहिलं). वायफाय प्रोफाइल सगळ्या युजरसाठी आहे. माझा संशय: व्हीपीएनचा टनेल उभा राहण्याआधीच नेटलॉगन (कंट्रोलर शोधणारी विंडोजची सर्व्हिस) शोध घेऊन मोकळा होतो.

एन्ट्रा जॉइन (लॅपटॉप मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडला जोडणं) सध्या शक्य नाही, आणि युजरकडे लोकल ॲडमिन हक्क देता येणार नाहीत.

नेटलॉगनला टेलस्केल सर्व्हिसवर डिपेंडन्सी लावणं सुरक्षित आहे का, की सिस्टम खात्याखाली स्टार्टअप टास्कमधून टनेलची वाट पाहून 'एनएलटेस्ट' चालवावं?