गुडघ्यामागची नस तुटली, मग चांगल्या पायाला टाके कशाला?

वारजेकर: परवा रात्री धाकटा भाऊ नवले पुलाच्या उतारावर बाईकवरून पडला, गुडघा निखळला पण हाड मोडलं नाही, रक्तही फारसं नव्हतं म्हणून आम्हाला वाटलं थोडक्यात वाचला, तर डॉक्टर म्हणाले पावलाला नाडीच लागत नाहीये आणि रात्रीच ऑपरेशनला घेतलं. आता चांगल्या मांडीला टाके आणि जखमी पायाची पोटरी दोन्ही बाजूंनी चिरून उघडीच ठेवलीये. आई बघून सारखी रडतीये. असं का करतात?

सर्जरी_रेसिडेंट: गुडघ्यामागची धमनी वर-खाली दोन्हीकडे घट्ट धरलेली असते, त्यामुळे गुडघा निखळला की ती ताणली जाते. बाहेरून अखंड दिसते पण आतलं अस्तर फाटून गुठळी होते आणि खाली रक्त बंद. रक्त दिसत नाही म्हणून बिनधास्त राहायचं नाही ते यासाठीच. काचेने कापलं तर वेगळं, पूर्ण तुटलेली धमनी आकसते, कधी आपोआप थांबतेही, अर्धवट कापलेली मात्र वाहतच राहते.
खराब तुकडा काढल्यावर टोकं ओढून शिवली तर टाके टिकत नाहीत, म्हणून मध्ये त्याचीच शीर (व्हेन, रक्त हृदयाकडे परत नेणारी) लावतात. चांगल्या पायाची, कारण जखमी पायातली खोल शीर दुखावली असेल तर तिथली वरची शीर रक्त परत न्यायला लागते. आणि ती उलटी बसवतात, शिरेत झडपा असतात ना, सरळ लावली तर रक्त अडेल.

ओटी_सिस्टर_सिंहगड_रोड: पोटरीचं मी सांगते. रक्ताविना राहिलेल्या स्नायूला परत रक्त मिळालं की तो सुजतो, पोटरीत स्नायूंचे चार कप्पे, आवरण ताणत नाही, मग दाबानेच स्नायू मरतात. म्हणून फॅसिओटॉमी, म्हणजे ते आवरण चिरून मोकळं करतात. सूज उतरली की टाके घालतात नाहीतर मांडीची त्वचा लावतात. आईंना सांगा, ही जखम पाय वाचवायला मुद्दाम केलीये. रक्त बंद झाल्यापासून ते परत सुरू करायचा सगळा हिशोब साधारण 6 तासांचा असतो हो. दुसऱ्या महायुद्धात धमनी बहुतेक वेळा बांधूनच टाकायचे, अशा जखमींपैकी जवळपास निम्म्यांचे हात-पाय गेले, कोरियाच्या युद्धात शिवायला लागले तर ते प्रमाण 13 टक्क्यांच्या आसपास आलं.

वारजेकर: खूप आभार दोघांचे, आईला वाचून दाखवलं. आज डॉक्टरांनी पावलावर माझं बोट ठेवून नाडी दाखवली. पण अंगठा वर उचलता येत नाहीये त्याला.

सर्जरी_रेसिडेंट: आपण सगळ्यालाच नस म्हणतो, पण ही दुसरी, नर्व्ह, हालचालीचे संदेश नेणारी. गुडघा निखळताना तीही ओढली जाते. उद्या राउंडला नक्की सांगा, पाऊल खाली लोंबू नये म्हणून स्प्लिंट लागेल.