कारगिलच्या वेळचे बाबा आणि घरची आई

सत्तरीची_लेक: बाबा १९९९ मध्ये द्रासला होते, आम्ही वाळपईला. विचारलं की म्हणतात थंडी होती, बस. आई पण आता थकलीय, दोघांकडून लिहून घ्यायचंय पण सुरुवात कुठून करू?

डिचोलीकर: लढाईचं विचारूच नकोस, खाण्यापिण्याचं विचार. माझा दादा तिथंच होता, तो सांगतो की चढायचं रात्रीच कारण दिवसा वरून शत्रूला सगळं दिसायचं, पाठीवर दारूगोळा जास्त न्यायचा म्हणून खाणं कमी घ्यायचं, पाणी म्हणजे वितळवलेला बर्फ, आणि १५-१६ हजार फुटांवर चार पावलांत दम लागायचा. एकदा सुरू झाला की मग बोलतो.

पेडण्याची_मावशी: बाळा, आईला पत्रांचं विचार. आमचे हे तिकडे असताना पत्त्यात गाव नसायचंच, नुसतं "मार्फत ५६ एपीओ", म्हणजे लष्कराचं पोस्ट ऑफिस, माणूस नेमका कुठे आहे ते कळायचंच नाही. ४ जुलैला टायगर हिल घेतली ती बातमी टीव्हीवर बघितली पण यांचं पत्र बऱ्याच दिवसांनी आलं, तोवर सासूबाई रोज पोस्टमनची वाट बघत सोप्यावर. त्या गणेशचवथीला माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळापानांची चौकट, मी आणि दिरांनी बांधली, आरतीला मला रडू आवरेना.

सत्तरीची_लेक: मावशी, आईच्या ट्रंकेत इनलँड पत्रं आहेत. आज संध्याकाळी काढते.