सुट्टीच्या दिवशी लिहिलेल्या पोस्टवर मेमो?

आडवातिडवा:
कामाच्या वेळेबाहेर, स्वतःच्या खात्यावर कुणी काय लिहिलं यात मालकाने नाक खुपसू नये, असं माझं मत. ब्रिटनमध्ये एका गृहनिर्माण ट्रस्टच्या कर्मचाऱ्याने चर्चमधल्या समलिंगी विवाहांबद्दल फेसबुकवर सौम्य शब्दांत नापसंती लिहिली. पदावनती झाली, पगार 40 टक्के कापला. 2012 मध्ये हायकोर्टाने हा करारभंग ठरवला. भरपाई मात्र शंभर पौंडांच्याही आत! त्याचं मत मला पटत नाही, पण म्हणून पोटावर पाय?

खडूस_एचआर:
असहमत. प्रोफाइलवर कंपनीचं नाव मिरवायचं, सहकाऱ्यांना मित्रयादीत घ्यायचं आणि मेमो आला की 'वैयक्तिक'! एखाद्या शिक्षकाने एका जातीबद्दल गरळ ओकली, तर त्या जातीच्या मुलांचे पेपर त्यालाच तपासायला देणार का?

आडवातिडवा:
त्या ट्रस्टचं नावही प्रोफाइलवर होतंच. तरी हे मत ट्रस्टचं आहे असं कुणी शहाणा माणूस समजणार नाही, असं कोर्ट म्हणालं. शिक्षकाचं उदाहरण मान्य. तिथे कामाशी थेट संबंध आहे.

मुखवटा:
नाव लपवूनही सुटका नाही हो. ऑस्ट्रेलियात इमिग्रेशन खात्यातल्या एका महिलेने टोपणनावाने हजारो ट्वीट केले, त्यातले बरेचसे खात्याच्याच धोरणावर टीका करणारे. नोकरी गेली आणि 2019 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने सरकारचीच बाजू उचलून धरली. सरकारी नोकर तटस्थ दिसलाच पाहिजे म्हणे. (आपण सगळे इथे टोपणनावानेच बोलतोय, हे सहज आठवलं.)

खडूस_एचआर:
मग बरोबरच आहे की. जे धोरण राबवायचं त्याचीच रोज टर उडवायची?

कामकरी:
पगार आणि पाळ्यांबद्दलच्या तक्रारींचं काय? मालकाला खरी डोकेदुखी त्यांचीच असते, कारण 'प्रतिमा मलिन केली'. अमेरिकेत खासगी मालकाला अभिव्यक्तिस्वातंत्र्याची घटनादुरुस्ती लागू होत नाही. पण 1935 च्या कामगार कायद्यामुळे सहकाऱ्यांनी मिळून कामाच्या अटींवर बोलायला संरक्षण आहे. फेसबुकवरच्या अशाच चर्चेवरून काढलेल्या पाच जणांना 2012 मध्ये परत घ्यायला लावलं. एकट्याने केलेली चिडचिड मात्र त्यात बसेलच असं नाही.

खडूस_एचआर:
पगाराबद्दल बोलू नका असं मी कुठे म्हटलं? ग्राहकाचं नाव घेऊन शिव्या घालू नका, एवढंच.

कामकरी:
मग नियमात तेवढंच लिहा ना! 'प्रतिमा' हा शब्द काढायला तयार आहात का?

खडूस_एचआर:
काढणार नाही. सगळे प्रकार आधीच लिहून ठेवणं शक्य नसतं.

आडवातिडवा:
म्हणजे गुन्हा कोणता ते पोस्ट पडल्यावर ठरणार.