ठेच्याने ब्राऊन फॅट वाढतं का?

ज्यांनी लिहिलंय की रोज ठेचा खाल्ला की ब्राऊन फॅट (ऊर्जा जाळून शरीराला ऊब देणारी चरबी) ॲक्टिव्ह होऊन पोट उतरतं, त्यांना एवढंच की मिरची आणि ब्राऊन फॅटवरचा जपानी प्रयोग नीट बघा. २०१३ सालचा आहे, तरुण पुरुषांवरचा, आणि त्यात तिखट मिरची नव्हतीच, गोड मिरचीतल्या कॅप्सिनॉइड्सच्या (तिखट न लागणाऱ्या घटकांच्या) कॅप्सूल होत्या, ६ आठवडे रोज. ज्यांचं ब्राऊन फॅट कमी होतं त्यांच्यात थंडीत जाळली जाणारी ऊर्जा वाढली, पण म्हणून वजन धडाधड उतरलं असं काही नाही बरं का. त्याच प्रयोगात दुसऱ्या गटाला रोज २ तास १७ डिग्रीत बसवलं होतं, त्यांनाही फायदा झाला.

आणि जेवणाने स्कॅनही बदलतो, हे कुणी बोलतच नाही! पेट स्कॅनच्या (शरीरात साखर कुठे किती ओढली जाते ते दाखवणाऱ्या तपासणीच्या) आदल्या दिवशी भरपूर फॅट आणि कमी कार्ब्सचं जेवण दिलं तर मानेजवळचं ब्राऊन फॅट साखर कमी ओढतं, स्कॅन वाचताना ब्राऊन फॅटमुळे गोंधळ होऊ नये म्हणून डॉक्टर ते मुद्दाम वापरतात.

आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे २०१४ चा नेदरलँड्समधला अभ्यास, सडपातळ दक्षिण आशियाई तरुणांत ब्राऊन फॅट गोऱ्या तरुणांपेक्षा कमी निघालं. ठेचा खा की, भाकरीबरोबर मस्तच लागतो, फक्त त्याला औषध म्हणू नका.